बीडातला समुद्र, पांढऱ्या सिमेंटचा

“वैनी, ओ वैनी! गच्चीवर काय बांधायलेत भाऊजी? कधीचं बघायले मी. घमेलं वर जातंय, अन् पांढरंफटक होऊन खाली येतंय. खोली काढायलेत का काय?”

आमच्या अन् अक्कांच्या घरांमधली कंपाउंडची भिंत छातीएवढी. अक्कांनी तिच्यावर कोपर टेकवलं, की आधी गॅस बंद करून मगच जावं, एवढं मला लग्नापासून ठाऊक आहे. वरण उतरवलं अन् गेले.

“खोली नाही अक्का. समुद्र बांधायलेत.”

“काय?”

“समुद्र. खाऱ्या पाण्याची माशांची टाकी. काचेची टाकी आणलीय. आता तिच्यात मागच्या बाजूनं खडकाची भिंत उभी करायचीय. ती घरीच करायची म्हणून बसलेत.”

अक्कांच्या हातातला लसणाचा गड्डा सोलायचा राहिला. “आत्ता गं बाई! नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरवाल्याची मिनतवारी करावी लागतीय, अन् तुमच्याकडं समुद्र? बीडात?”

हे येणार, हे ठरलेलंच होतं. मीही ह्यांना हेच म्हणलं होतं, फक्त जरा मोठ्या आवाजात. तेव्हा ह्यांनी हिशोबाची वही उघडली होती. तोच हिशोब मी अक्कांपुढं मांडला. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर पाणी, अन् खडक आत गेला की त्याहूनही कमी. ते एकदाच भरायचं, मग अधूनमधून थोडं थोडं बदलायचं.

“अक्का, तुमच्या हॉलमधला कूलर मे महिन्यात आठवड्याला तेवढं पाणी पितो.”

“कूलरनं माणसं गार होतात. माशांनी काय होतंय?”

“ते मला विचारू नका. खरी मेख तर पुढंच आहे. पाणी आरओचं लागतं. बोअरचं चालत नाही, नळाचं चालत नाही. त्यात खतांचा अंश असतो, नायट्रेट असतं, फॉस्फेट असतं. आठ दिवसांत सगळी टाकी हिरवीगार शेवाळानं. अन् आरओ एक लिटर पाणी देतं, तेव्हा दोन-तीन लिटर बाहेर फेकतं.”

“बघा! म्हणलं नव्हतं?”

“ते फेकलेलं मी बादल्यांत धरते. फरशी त्यानंच, गाडी त्यानंच, संडासात त्यानंच. ह्यांना सांगून टाकलं, तुमच्या समुद्राचं एक थेंब पाणी गटारीत गेलेलं दिसलं, तर मासे गटारीत.”

हे अक्कांना पटलं. लसूण पुन्हा सुरू झाला. “अन् मीठ? ते दुकानातलंच टाकायचं असंल.”

“नाही ना. लिटरला पस्तीस ग्रॅम लागतं, म्हणजे सगळ्या टाकीला आठ-नऊ किलो. पण आपलं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड, वरून आयोडीन. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम असतं. ते सगळं मापात घातलेलं वेगळं मीठ मिळतं. त्याची किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर घरात भांडण झालं असतं.”

“एवढा खर्च केला, तर मग खडक तरी समुद्रातलाच आणायचा. आमचा जावई रत्नागिरीला आहे. दिवाळीला येताना डिकीत टाकून आणील दोन-चार.”

मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला. “जावयाला जेलात घालायचं असलं तर आणू द्या, अक्का!”

हे आमचे गुरुजी. भूगोल शिकवून रिटायर झाले. संध्याकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालतात अन् दोन्ही अंगणांतलं ऐकतात. ऐकत नसल्याचं दाखवतात, ही त्यांची सभ्यता.

“पोवळी, म्हणजे प्रवाळ, त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. कायदा १९७२चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली खडक बांधणारी प्रवाळं घातली. त्याच परिशिष्टात वाघ आहे, अक्का. समुद्रातून प्रवाळाचा खडक उचलणं अन् वाघाची शिकार, कायद्याच्या एकाच पानावर.”

“दगडाला कायदा?”

“दगड नव्हे, जीव आहे तो. मोहरीएवढे जीव एकमेकांना चिकटून राहतात, खाली चुन्याचं घर बांधतात. आजोबांच्या घरावर नातवाचं, असं हजारो वर्षं. आपल्या महाराष्ट्रातही आहेत ना! मालवणजवळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात पाण्याखाली आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथं तर मोठं प्रवाळ. अन् मुंबईत कोस्टल रोड काढला, तेव्हा वरळी-हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ निघाली. २०२० साली त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडं लावल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं. एवढा मोठा रस्ता, पण त्याला ह्या इवल्या जिवांची आधी सोय लावावी लागली.”

अक्कांचा हात नकळत गळ्याकडं गेला. मंगळसूत्रात दोन पोवळी आहेत त्यांच्या. “मग हे ओ गुरुजी?”

“ते घाला खुशाल. ती लाल पोवळ्याची जात निराळी, भूमध्य समुद्रातली. शेकडो वर्षं इटलीकडून येतात ती.”

अक्कांनी सुटकेचा श्वास सोडला, अन् लगेच माझ्याकडं वळल्या. “मग दगडाला काय तोटा आहे आपल्याकडं? बालाघाट सगळा दगडच आहे. बिंदुसरेच्या पात्रातनं काळे गोटे आणा. कंकालेश्वराचं देऊळ कधीपासून पाण्यात उभं आहे, विरघळलं का?”

हाच प्रश्न मी ह्यांना विचारला होता, म्हणून उत्तर तयार होतं. काळा दगड विरघळत नाही, हीच त्याची अडचण. आपला दगड लाव्ह्याचा, बसाल्ट. घट्ट अन् वजनदार. त्यात भोकं नाहीत, अन् ह्या भिंतीला तर भोकंच पाहिजेत. शिवाय पाण्याचंच वजन अडीच क्विंटल; त्यावर काळ्या दगडाची भिंत घातली तर आधी टाकीची काच जाईल, मग टेबल, मग आमची फरशी.

“मग परळीच्या वीजकेंद्राची राख आणा. तिच्या विटा हलक्या असतात.”

“राखेत जड धातू असतात. समुद्रातले जीव त्या बाबतीत फार नाजूक. राखच नको म्हणून तर साधं काळं सिमेंट न घेता पांढरं आणलं. पुष्कळशा काळ्या सिमेंटात राख मिसळलेली असते. अन् तांबं तर अजिबात नको. तांब्याचा अंश गेला की कोळंबी, शिंपलं, प्रवाळ, सगळं खलास.”

“मी आत्ताच म्हणणार होते, आमचा तांब्याचा हंडा न्या पाणी साठवायला.”

“न्या म्हणू नका. हे खरंच न्यायचे अन् मग रडायचे.”

“शेतातली चुनखडी?” अक्का हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. “आमच्या काळ्या रानात नांगर लागला की खडेच खडे. तुरी पिवळ्या पडतात त्यानं. ती तरी घेऊन जा, पुण्य लागंल.”

“ती चुन्याचीच असते, पण रानातली आहे ना. वर्षानुवर्षं खत पडलंय तिथं. पुन्हा तेच फॉस्फेट, पुन्हा तेच शेवाळ.”

गुरुजी कठड्याशी येऊन थांबले. “अक्का, तुम्ही उभ्या कशावर आहात?”

अक्कांनी दचकून पायाखाली बघितलं. “फरशीवर. शहाबादी आहे. का, साप आहे का?”

“तोच समुद्राचा तळ आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. गुलबर्ग्याकडं भीमेच्या खोऱ्यात निघते. पन्नास कोटी वर्षांहून जुनी. तेव्हा तिथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ बसत गेला, त्याचा हा दगड झाला. आपला काळा दगड त्यापुढं पोरगं, साडेसहा कोटी वर्षांचं. बीडात समुद्र नाही कोण म्हणतं? घरोघर आहे. आपण त्यावर पोतेरं फिरवतो.”

अक्कांना हे खरं वाटेना. मग मीच आतून लिंबू आणलं. ह्यांनी अंगणात एक फुटका शहाबादी तुकडा ठेवला होता. तो भिंतीवर ठेवला, खिळ्यानं त्यावर रेघोट्या मारल्या. पांढरी भुकटी वर आली, तिच्यावर लिंबाचे चार थेंब पिळले. कान जवळ नेला तर चुर्र असा बारीक आवाज, अन् भुकटीवर इवले इवले बुडबुडे. शेजारी काळा खडा ठेवून त्यावरही पिळलं. त्याच्यावर लिंबाचा रस नुसता ओघळून गेला.

अक्का भिंतीवर ओणवून बघत होत्या. “हाव की गं! उकळायलंय हे.”

“चुन्याला आंबट लागलं की गॅस सुटतो. दगड चुन्याचा आहे का नाही, हे बघायला लॅबोरेटरी लागत नाही, लिंबू लागतं,” गुरुजी वरून म्हणाले. वर्गात म्हणावं, तसंच.

“मग भिंत शहाबादीची करायलेत का भाऊजी?”

“नाही. ती पण घट्टच असते. दोन चपटे तुकडे घेतलेत, ते आधी पाण्यात भिजत घातलेत. काही सुटतंय का बघतील, मग भिंतीत फळीसारखे बसवतील. त्यांचं काम वेगळं आहे, सांगते नंतर. भिंत आहे ती पांढऱ्या सिमेंटची अन् शिंपल्यांच्या चुऱ्याची. चुरा कुठून आणला विचारा.”

“कुठून?”

“कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून. अंड्यांचं टरफल जाड व्हावं म्हणून कोंबड्यांना घालतात तो. पोतंभर घेतलं. दुकानदार विचारायला लागला, पोल्ट्री किती पक्ष्यांची? हे म्हणाले, माशांची. तो बिचारा हिशोब करत बसला.”

अक्का हसून हसून खोकल्या.

करायची रीत मी गच्चीवर बसून बघितली, म्हणून सांगू शकते. आधी चुरा दहा पाणी धुतला, भुकटी निघून जाईपर्यंत. मग एक वाटा सिमेंट, दोन-अडीच वाटे चुरा, अन् एक वाटा जाड खडे मीठ. खाटेवर उन्हात वाळवलेलं मीठ, आपलं साधंच. पाणी अगदी बेतानं. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. हातात रबरी मोजे घालूनच, कारण ओलं सिमेंट कातडी खातं.

आतला सांगाडा म्हणजे ऑफिसात ट्यूबलाइटखाली लावतात ना, ती पांढरी चौकटीचौकटीची प्लॅस्टिकची जाळी. ती भिंतीच्या मापाची कापली, पण तीन तुकड्यांत, नाहीतर टाकीच्या तोंडातून आत जायची नाही. तिला पीव्हीसी पाइपाचे आखूड तुकडे बांधले, पुढं आलेले. त्यांच्यावर सिमेंटाचे कंगोरे, कपारी, गुहा. ह्यांनी बोटानं खड्डे केले, काड्या खुपसून भोकं पाडली, मग वरून पुन्हा चुरा अन् मीठ भुरभुरलं. मी म्हणलं, सरळ गुळगुळीत का करत नाही, पुसायला सोपं. तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी खाली आले.

“पण मीठ कशाला त्यात?”

“भिंत वाळली की पाण्यात बुडवायची. मीठ विरघळून जातं, जागा रिकामी राहते. सगळी भिंत आतून पोकळ पोकळ. हलकीही होते.”

“हलकीच पाहिजे तर थर्माकोलची करायची. गणपतीत केली होती ना आमच्या पोरांनी गुहा?”

“फोमची करतात लोक. डब्यातला पीयू फोम येतो, दरवाज्याच्या फटीत मारतात तो. मारला की फुगतो, चाकूनं कोरायचा, वर वाळू चिकटवायची. दिसतो झक्क. पण फोम तरंगतो. काचेला सिलिकॉननं नीट धरला नाही, अन् पाणी भरल्यावर एक दिवस सुटला, तर भिंत वर अन् मासे छातीत धडकी भरून खाली. ह्यांना तो धोका नको वाटला.”

“मग आता बसवायची ना भिंत? एवढी झालीय तर.”

“कुठली बसवताय! गच्चीवर मोठ्या टबात बुडवून ठेवलीय. नव्या सिमेंटातून चुना सुटत राहतो. पाण्याचा पीएच बाराच्या वर जातो. समुद्राचा असतो आठच्या थोडा वर. त्या पाण्यात मासा टाकला तर भाजून निघेल. म्हणून पाणी बदलत राहायचं, पट्टीनं मोजत राहायचं. महिना लागतो, दोन लागतात.”

“ते काढलेलं पाणी तुळशीला घालता का?”

“अक्का! तुळस जाईल की. त्यात आधी मीठ, मग चुना. ते आम्ही मोरीतच सोडतो. तेवढी माझी हार झाली.”

अक्कांना आता खरी गोडी लागली होती. लसूण सोलून संपला होता तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या. “पण मला एक कळंना. एवढी पोकळ भिंत, भोकं भोकं. ती कशासाठी? मासे लपायला?”

“लपायला पण. पण खरं काम वेगळंच. मासे खाणार, घाण करणार. त्या घाणीचा अमोनिया होतो, तो विषारी. भिंतीवर जिवाणू राहायला येतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते माशांना फारसं बाधत नाही. अन् पार आतल्या भोकांत, जिथं हवा पोचत नाही, तिथं तिसरे राहतात. ते नायट्रेट मोडून त्याचा नायट्रोजन करतात, तो हवेत उडून जातो.”

अक्का दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे ही शोभेची भिंत नाहीच. ही तर माशांची संडासची टाकी झाली!”

वर गुरुजींना ठसका लागला. पण खरं सांगते, ह्यांनी मला वही काढून तासभर जे समजावलं, ते अक्कांनी एका वाक्यात संपवलं. म्हणूनच तर घाई चालत नाही. भिंत टाकीत बसवल्यावरही मासा लगेच टाकायचा नाही. आधी खारं पाणी फिरवत ठेवायचं, कोळंबीचा एखादा तुकडा कुजायला टाकायचा, म्हणजे जिवाणूंना खायला मिळतं. अमोनिया चढतो, उतरतो. नायट्राइट चढतं, उतरतं. दोन्ही शून्यावर आली, की मग पहिला मासा. पुढं काही महिन्यांनी भिंतीवर गुलाबी-जांभळा पापुद्रा धरतो, तेही एक शेवाळच, पण चुन्याचं. तेव्हा पांढरं सिमेंट दिसेनासं होतं.

“अन् उन्हाळ्यात काय करणार? इथं बेचाळीसचा पारा. मासे शिजतील.”

“पाणी पंचवीस-सव्वीसला ठेवावं लागतं. वरून पंखा सोडायचा, पाणी उडतं तसं थंड होतं. पण आपली हवा कोरडी, पंख्यानं रोजचं काही लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. म्हणून रोज गोडं पाणी भरायचं, खारं नाही. अन् लाईट गेली की पंप बंद, म्हणून आधी इन्व्हर्टर. माझा फ्रिज त्यावर नाही, माशांचा पंप त्यावर आहे. लिहून ठेवा.”

“मुंबईला गेलो होतो तेव्हा बघितलं होतं बाई मी, तारापोरवाला. चौपाटीजवळ. केवढाले मासे!”

“१९५१चं ते,” गुरुजींनी लगेच पुस्ती जोडली. “डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालं. दोन लाख रुपये तारापोरवाला नावाच्या पारशी गृहस्थांनी दिले, म्हणून ते नाव. पण त्यांना समुद्राचं पाणी समोरच्या समुद्रातूनच ओढता यायचं. आपल्याला तो समुद्र जवळपास चारशे किलोमीटर.”

“मग मासे तरी कुठले? पोवळी तर आणायची नाहीत म्हणता.”

“पोवळी नाहीतच. क्लाउन मासा आणणार, पोरं ज्याला निमो म्हणतात तो, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा. तोही समुद्रातून पकडलेला नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याची टाकीतच पैदास करायची रीत बसवलीय, तशी टाकीत जन्मलेली जोडी पाहिजे म्हणून अडून बसलेत. समुद्रातला एक खडा नाही, एक मासा नाही. हे म्हणतात, समुद्राला धक्का न लावता समुद्र करायचा, तर तो सिमेंटाचाच करावा लागतो. अन् तुम्हाला त्या माशाची गंमत सांगू? ते शहाबादीचे चपटे तुकडे कशाला, ते नंतर सांगते म्हणलं होतं ना? मादी असल्या सपाट दगडावर अंडी घालते. घालते अन् बाजूला होते. मग नर त्या अंड्यांना पंखांनी वारा घालत बसतो, राखण करतो, खराब अंडी तोंडानं काढून टाकतो.”

“नर?” अक्कांनी एकदम त्यांच्या घराकडं नजर टाकली. काका आत टीव्ही बघत होते. “ऐकायलात का ओ?”

“अजून पुढं आहे. टोळीत सगळ्यांत मोठी ती मादी. तिचंच चालतं. अन् ती मेली, तर तिचा नर हळूहळू स्वतःच मादी होतो. मग खालच्यांतला एक मोठा होऊन त्याचा नवरा.”

अक्कांचं तोंड उघडं ते उघडंच. गुरुजी कठड्यावरून नाहीसे झाले होते. ह्या धड्यावर त्यांना बहुतेक प्रश्न नको होते.

“वैनी, हे मी आज भजनी मंडळात सांगणार बघा. कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सांगणार.”

“सांगा. मग सगळ्या जणी बघायला येतील, अन् चहा मला करावा लागंल.”

“तेवढं करायचं. समुद्र आहे तुमच्याकडं, एवढी माणसं तर येणारच.” अक्कांनी सालपटं ओंजळीत गोळा केली, जायला निघाल्या अन् दोन पावलांवरून परत वळल्या. “ते राहू द्या. पांढरं सिमेंट उरलंय का?”

“अर्धं पोतं आहे.”

“आमच्या न्हाणीतला हौद गळायलाय कधीचा. काकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. भाऊजींना उद्या थापी घेऊन पाठवा जरा. समुद्र बांधणाऱ्याला आमचा हौद काय जड आहे?”